एक मोबाइल, एक नाव
सुट्टीत वसतिगृहातून मानखुर्दला घरी आलेल्या मुलाच्या हाती बहुधा वडिलांचाच मोबाइल येतो. कंपनीच्या दफ्तरी मात्र एका प्रौढ इसमाचीच नोंद असते. मुलाने काय शोधले, कोणत्या चित्रफितीवर रेंगाळले, हे सारे त्याच खात्यावर साठते आणि त्यावरून जाहिराती ठरतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या कायद्यात, काही अपवाद सोडता, अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवण्यास मनाई आहे. परंतु वडिलांच्या नावाआडचे मूल कंपनीला दिसणार कसे? मुलाचे, खऱ्या जन्मतारखेचे, वेगळे खाते उघडता येते. गूगलवरील शोधांची साठवणही बंद करता येते. ती सोय मात्र सहजासहजी नजरेस पडत नाही.