दहशतवाद आणि मूल्यांची उतरंड

दहशतवादाची चर्चा बहुधा साधनांपाशी थांबते: बॉम्ब कोणी ठेवला, कोठे ठेवला, कोणाला धाक बसावा म्हणून ठेवला. मूल्यमीमांसा, म्हणजे कशाला मोल आहे, ते मोल कोठून येते आणि मोलाच्या दोन गोष्टींत विरोध आल्यास कोणती राखावी याचा शोध घेणारी तत्त्वज्ञानाची शाखा, त्याआधीच्या प्रश्नाला हात घालते. दहशतवाद्याला कसलीच मूल्ये नसतात हा समज सोयीचा असला तरी खरा नाही; त्याच्यापाशी अनेकदा एखादे मूल्य असते आणि ते इतके माजलेले असते की त्याच्यापुढे दुसऱ्या कशाचीच मातब्बरी उरत नाही.

रिगा येथे जन्मलेले जर्मन तत्त्वज्ञ निकोलाय हार्टमान (१८८२–१९५०) यांनी १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात या अवस्थेला ‘मूल्यांची जुलूमशाही’ म्हटले. न्यायासारखे उदात्त मूल्यही एकदा मनाचा ताबा घेते तेव्हा इतर मूल्यांना हुसकावून लावू पाहते, मग ती त्याच्या विरोधात असोत वा नसोत. याहून मोलाचे त्यांचे दुसरे निरीक्षण असे, की मूल्यांना उंची असते तसे बळही असते आणि ही दोन्ही एकाच दिशेने वाढत नाहीत. उंच मूल्य गाठता आले नाही तर माणूस थोर ठरत नाही, इतकेच. खालचे मूल्य तुडवले तर मात्र तो अपराधी ठरतो, कारण वरची सारी मूल्ये खालच्यांच्या आधाराने उभी असतात. जुन्या घरांत मडक्यांची उतरंड रचलेली असे, तळाला सर्वांत मोठे मडके आणि वर लहान होत गेलेली गाडगी. नजर वरच्या गाडग्यावर जाई, पण तळाचे मडके ओढले की सगळीच फुटत. माणसाचे जीवित हे असे तळाचे मडके आहे, आणि राष्ट्र, क्रांती किंवा धर्म यांच्या नावाने नेमके तेच ओढले जाते.

पॅरिसमधील एका रेल्वेस्थानकाजवळच्या ‘कॅफे टर्मिनस’मध्ये १८९४ साली बॉम्ब टाकणाऱ्या एमिल आंरी या अराजकवादी तरुणाने न्यायालयात आपल्या कृत्याचे समर्थन करताना, तेथे बसलेल्यांत निरपराध असे कोणी नव्हतेच, अशी भूमिका घेतली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर सामान घेऊन गाडीची वाट पाहणाऱ्यांवर गोळ्या झाडणाऱ्यांनी तर समोर कोण आहे हे पाहिलेही नाही. त्या दिवसांच्या हल्ल्यांत १६६ जणांचा बळी गेला. येथे निवाडा सोपा आहे.

कठीण उदाहरण रशियाचे आहे. जुन्या रशियन दिनदर्शिकेनुसार २ फेब्रुवारी १९०५ रोजी मॉस्कोत इव्हान काल्यायेव हा क्रांतिकारक झारचे काका ग्रँड ड्यूक सर्गेई यांच्या बग्गीवर बॉम्ब टाकण्यासाठी पुढे झाला, परंतु आत त्यांची पत्नी आणि भावाची दोन मुले दिसताच त्याने हात आवरला. दोन दिवसांनी ड्यूक एकटे असताना त्याने क्रेमलिनमध्ये त्यांना ठार केले, दयेची याचना करण्यास नकार दिला आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो फासावर गेला. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू यांनी त्याच्यावर १९४९ साली नाटक लिहिले; हत्या करणाऱ्याने आपलाही प्राण देऊन तिचे मोल चुकते करावे, ही त्यांना भावलेली नीती होती.

काल्यायेवचा आवरलेला हात खरोखर आदरास पात्र आहे, कारण त्या क्षणी तळाच्या मूल्याने वरच्या मूल्याला रोखले. पण जिवाला जीव देऊन फिटंफाट होते, हे मान्य करता येत नाही. इमॅन्युएल कांट यांनी १७८५ मध्येच किंमत आणि प्रतिष्ठा यांतला भेद दाखवला होता: ज्याच्या जागी त्याच तोलाचे दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा असते, म्हणून त्याची अदलाबदल होत नाही. आणि हिशेबच करायचा म्हटले तरी तो जुळत नाही. ड्यूकच्या बग्गीत हत्येच्या दिवशी मुले नव्हती, पत्नी नव्हती. पण बग्गी हाकायला कोचमन होता. त्याचे नाव आंद्रेई रुदिन्किन. त्याच बॉम्बने तो जबर जखमी झाला आणि त्या जखमांनी दगावला.