दहा दिवसांची नोटीस आणि परसातली कोरोला

बुद्धपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात डॅलसच्या उत्तरेकडील उपनगरांवरून वादळ गेले आणि आमच्या घरामागचे लाकडी कुंपण पूर्ण आडवे झाले. या भागातील घरांची रचना वाचकांना ठाऊक असेलच. पुढे हिरवळ आणि फुलझाडे, मोटारीचा रस्ता मात्र मागच्या बाजूने, अरुंद गल्लीतून. ही गल्ली नगरपालिकेची, म्हणजे सार्वजनिक. कुंपण पडताच चार वर्षे आमच्या परसात ताडपत्रीखाली निवांत उभी असलेली १९९८ सालची टोयोटा कोरोला त्या गल्लीला दिसू लागली. बारा दिवसांनी दारावर कागद चिकटवलेला आढळला व तोच मजकूर टपालानेही आला. आमच्या मालमत्तेवर ‘जंक्ड व्हेइकल’ असून ते सार्वजनिक उपद्रव ठरते, दहा दिवसांत त्याचे निवारण करावे, असे त्यात म्हटले होते.

त्या गाडीला भंगार म्हटलेले आम्हांस लागले. हे सांगण्यात संकोच नाही. या देशात आल्यावर आम्ही घेतलेली ती पहिली वस्तू. आपल्याच एका ज्येष्ठ बंधूंनी भारतात परत जाताना ती आम्हांला अगदी अल्प किमतीत दिली होती. पुढे कित्येक वर्षे समूहाच्या जयंतीसाठी बाबासाहेबांची तसबीर, बुद्धमूर्ती, खीरदानाची मोठी पातेली आणि घडीच्या खुर्च्या तिच्याच डिकीतून सभागृहावर गेल्या. विमानतळावरून कितीतरी नव्या मुलामुलींना तिनेच आणले, त्यांपैकी काहींची मुले आता महाविद्यालयात आहेत. नवी गाडी आली तेव्हा कोरोला विकण्याचे ठरले आणि ते राहून गेले. अशा गोष्टी राहूनच जातात.

असो. भावना बाजूला ठेवून आम्ही कायदा वाचावयास घेतला. टेक्सासच्या परिवहन संहितेत ६८३ क्रमांकाचे प्रकरण आहे आणि बहुतेक शहरांचे स्थानिक नियम त्याच्याच आधारे उभे आहेत. वाहनाला वैध नंबर प्लेट नसेल आणि ते मोडके, सुटे केलेले वा टाकून दिलेले असेल, किंवा सार्वजनिक जागेत ७२ तासांहून अधिक अथवा खासगी जागेत सलग ३० दिवसांहून अधिक बंद अवस्थेत असेल, तर ते ‘जंक्ड’ होय. असे वाहन, किंवा त्याचा एखादा भागही, वर्षातील कोणत्याही काळी सार्वजनिक जागेवरून वा रस्त्यावरून दिसत असेल तर तो उपद्रव. येथे ‘दिसणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. चार वर्षे आमची गाडी तितकीच बंद होती, परंतु कुंपणाआड होती. वादळाने गाडीत काहीही बदल केला नाही, दृष्टीआडची सृष्टी तेवढी उघडी केली.

संहितेने कारणेही नोंदविली आहेत. शेजारच्या मालमत्तेची किंमत उतरते, नासधूस करणाऱ्यांना आमंत्रण मिळते, आगीचा धोका राहतो, लहान मुले खेळावयास जाऊन इजा करून घेतात, वस्तीला अवकळा येते. यांतील किमतीचे कारण आम्हांला फारसे भावले नाही. बाकीची मात्र मनाचा कौल घेतला तर नाकारता येत नाहीत. जुन्या गाडीतून तेल व शीतक गळतात, बॅटरीत आम्ल असते. टायरांत आणि ताडपत्रीच्या खळग्यांत पाणी साचते. २०१२ साली डासांपासून होणाऱ्या वेस्ट नाईल तापाची मोठी साथ याच डॅलस परगण्यात आली होती, हे येथे राहणाऱ्यांना आठवत असेल. आमच्या ताडपत्रीवरही पाणी होतेच.

या नियमांना इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारींचा पूर आला, आणि पोलाद बनविण्याची नवी पद्धत रूढ होताच जुन्या लोखंडाची मागणी घटली. भंगाराला भाव मिळेना, तेव्हा गाड्या रस्त्याकडेला, शेतात, परसात साचू लागल्या. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात महामार्ग सुशोभीकरणाचा कायदा झाला. त्यांच्या पत्नी लेडी बर्ड यांनी त्याचा विशेष पाठपुरावा केला होता. प्रमुख महामार्गांच्या १,००० फुटांच्या आतील भंगारवाडे झाडांनी वा कुंपणांनी झाकण्याचे त्यात ठरले. जमिनीच्या वापराचे विभाग पाडण्याचा शहरांचा अधिकार तर सर्वोच्च न्यायालयाने १९२६ सालीच ‘युक्लिड’ या ओहायोतील गावाच्या खटल्यात मान्य केला होता.

पहिल्या रात्री मात्र आमच्या घरात यांपैकी कशाचीच चर्चा झाली नाही. चर्चा झाली ती तक्रार कोणी केली याची. पलीकडचे की कोपऱ्यावरचे? जयंतीला दहा-बारा गाड्या आपल्या दाराशी उभ्या राहतात तेव्हा खिडकीतून कोण पाहते? हा संशय आपल्या मनात इतक्या सहज का उगवतो, ते येथे लिहिण्याची गरज नाही. याही देशात त्याला आधार आहे. कोणत्या रंगाच्या माणसाने कोणत्या गल्लीत राहावे हे ठरविणारे शहरांचे नियम १९१७ साली लुईव्हिलच्या खटल्यात रद्द झाले. तरी घरांच्या खरेदीखतांत घातलेल्या तशाच अटी न्यायालयांमार्फत बजावता येणार नाहीत, हे ठरावयास १९४८ साल उजाडावे लागले. तथापि आमच्या बाबतीत तक्रार कोणीच केली नव्हती. वादळानंतर पालिकेचे अधिकारी पडलेली कुंपणे पाहत गल्लीगल्लीतून फिरत होते आणि एकट्या आमच्या गल्लीत तिघांना नोटिसा गेल्या होत्या. ही माहिती एका फोनवर मिळाली. तो फोन आम्ही चौथ्या दिवशी केला, हा आमचा दोष.

अधिकारी बाई सौजन्याने बोलल्या. गाडी हलवा, चालू करून नोंदणी करा, किंवा ती दिसणार नाही अशी व्यवस्था करा, असे तीन मार्ग त्यांनी सांगितले. तिसरा सोपा वाटला, परंतु वादळानंतर कुंपणवाल्यांकडे सहा आठवड्यांची रांग होती.

चौथाही एक मार्ग होता आणि त्यावरून घरात खरा वाद झाला. किमान २५ वर्षे जुनी मोटार किंवा ट्रक या कायद्यात ‘अँटिक’ मानला जातो. ऐतिहासिक मोल म्हणून ती जपणाऱ्या संग्राहकाने ती नीटनेटकी ठेवली, आरोग्यास धोका होऊ दिला नाही आणि कुंपण, झपाट्याने वाढणारी झाडे वा झुडपे यांच्या आड ठेवली, तर तिला सूट आहे. मागच्या रस्त्यावर एका गृहस्थांचा १९६०च्या दशकातील पिकअप ट्रक असाच झुडपांआड उभा आहे. तो जागचा हललेला आम्ही कधी पाहिला नाही. आमची मुलगी म्हणाली, “त्यांचा ट्रक इतिहास आणि आपली कोरोला भंगार, हे कोणी ठरवले? कायद्यात तर गाडी कोणत्या कंपनीची असावी, असे काही लिहिलेले नाही.” आम्ही तिला गप्प केले. कोरोला रस्त्यावर हजारोंनी दिसते, तिला पुराणवस्तू म्हटले तर हसे होईल, असे आमचे म्हणणे. आज वाटते की वय आणि जतन या दोन्ही कसोट्यांवर तिचे म्हणणे निदान मांडण्याजोगे होते. आपली वस्तू जपण्यालायक आहे असे चारचौघांत म्हणावयास आपणच बिचकतो. तिच्या पिढीला तसे वाटत नाही, याचा आनंद वाटला. अर्थात कुंपण पडलेले असताना ही सूटही तशी हाती लागली नसती.

शेवटी दोन गोष्टी केल्या. सातव्या दिवशी सुनावणीची लेखी मागणी पालिकेत देऊन पोच घेतली. ही मागणी त्या दहा दिवसांतच करावी लागते, आणि अनेक जण येथेच चुकतात. नोटीस म्हणजे शिक्षा असे समजून ते एक तर घाबरून गाडी मिळेल त्या भावात देऊन टाकतात, किंवा कागद खणात ठेवतात. मागणी केली की सुनावणीआधी गाडी उचलता येत नाही. आपल्या माणसांना या हक्काचे अप्रूप वाटावयास हवे. मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या १९८१ च्या पावसाळ्यात हटविल्या गेल्या. पालिकेच्या कायद्यात नोटिशीविना हटविण्याची मुभा होती. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात सर्वोच्च न्यायालयाने पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकार कायम ठेवला, पण बाजू ऐकून घेणे हा नियम आणि न ऐकणे हा अपवाद, असेही स्पष्ट केले. अमेरिकेच्या संविधानात ‘ड्यू प्रोसेस’ हे शब्दच आहेत. आपल्या संविधानात ते घ्यावेत की नाही, याच्या दोन्ही बाजू बाबासाहेबांनी १३ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडल्या आणि निर्णय सभागृहावर सोपविला होता. वस्तीत पालिकेची गाडी आली की भांडीकुंडी उचलून पळण्याची आठवण ज्यांच्या घरात आहे, त्यांनी परदेशात आलेली नोटीस शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडी चालू करणे. सुनावणीत गाडी बंद आहे असेच कायदा गृहीत धरतो. ती चालते हे मालकाने दाखवावयाचे असते. आपल्या समूहातील एक तरुण बंधू अकोल्याला वडिलांच्या गॅरेजात वाढलेले आहेत, येथे ते संगणकाचे काम करतात. शनिवारी सकाळी ते आले आणि त्यांनी आधी गाडी ढकलून गॅरेजात घेतली, कारण उघड्या आवारात मोठी दुरुस्ती करण्यासही पुष्कळ शहरांत मनाई आहे. चार वर्षांचे पेट्रोल काढले, बॅटरी बदलली, उंदरांनी कुरतडलेली एक वायर जोडली. दोन टायर नवे घ्यावे लागले. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन धरले, तेव्हा आमच्या ८१ वर्षांच्या आईने स्वयंपाकघरातून टाळ्या वाजविल्या. सोमवारी विमा घेतला, मंगळवारी नोंदणी झाली. टेक्सासमध्ये खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी २०२५ पासून बंद झाली आहे. आमच्या परगण्यात धुराची चाचणी अजून लागते, परंतु २५ वर्षांपुढील गाड्या तिच्यातून सुटतात. जुनेपणाचा तेवढा लाभ आम्हांला मिळाला.

सुनावणीला आम्ही त्याच गाडीने गेलो. अध्यक्षस्थानी असलेल्या गृहस्थांनी विम्याचा आणि नोंदणीचा कागद पाहिला व गाडी कोठे आहे असे विचारले. खाली वाहनतळावर, असे सांगताच त्यांनी प्रकरण बंद केल्याची नोंद केली. अवघी सहा मिनिटे लागली. दोषी ठरलो असतो तर राज्याच्या कायद्यानुसार २०० डॉलरपर्यंत दंड आणि गाडी हटविण्याचा आदेश झाला असता. एकदा हटविलेली गाडी पुन्हा दुरुस्त करून वापरताही येत नाही.

ज्या कुटुंबांकडे अशी गाडी उभी असेल त्यांच्यासाठी थोडे. अधिकारी गल्लीतून वा रस्त्यावरून पाहू शकतात, पण संमती नसेल तर बंदिस्त परसात येण्यास सहसा वॉरंट लागते. १९६७ च्या ‘कॅमारा’ निकालाने घरांच्या तपासणीबाबत हे ठरविले. १९९० साली पश्चिमेकडील राज्यांच्या अपील न्यायालयाने सांता आना शहराने कुंपण ओलांडून वॉरंटविना नेलेल्या गाड्यांबाबतही तसेच म्हटले. वसाहतीच्या असोसिएशनचे नियम ही निराळी बाब. ते अधिक कडक असू शकतात, मात्र टेक्सासमध्ये दंडाआधी त्यांनाही लेखी सूचना व बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. गाडी विकताना वा दान देताना नंबर प्लेट काढून घ्यावी आणि परिवहन खात्याला हस्तांतरण कळवावे, नाही तर पुढच्या मालकाचे प्रताप आपल्या नावावर येतात. नागरिकत्वाच्या अर्जात पूर्वीच्या कारवायांविषयी प्रश्न असतात, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेल्यास वकिलाला विचारावे.

कुंपण जुलैत उभे राहिले. कोरोला आता गॅरेजच्या डाव्या अर्ध्यात असते आणि रविवारी मुलगी ती विहारापर्यंत चालविते. तिच्या जागी पूर्वी जयंतीच्या साठ खुर्च्या होत्या. त्या सध्या परसात आहेत, ताडपत्रीखाली, कुंपणाआड. पुढच्या समितीने त्यांची सोय लवकर करावी, अशी विनंती आहे.