फौजदारावर फिर्याद

पोलिसांबरोबर बसणाऱ्या नागरिकांची महाराष्ट्रात वाण नाही. गणपती-मोहरम जवळ आले की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते, चहा येतो, मंडळांचे अध्यक्ष आणि मशिदीचे विश्वस्त शेजारी-शेजारी बसतात. गावोगावी पोलीस पाटील आहेत, दक्षता समित्या आहेत, 2007पासून तंटामुक्त गाव समित्याही झाल्या. भिवंडीत सुरेश खोपडे यांनी 1988च्या सुमारास उभ्या केलेल्या मोहल्ला कमिट्यांचं नाव तर आजही घेतलं जातं, कारण 1992-93ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पण या सगळ्यांचं काम पोलिसांना हातभार लावायचं. हवालदाराने कानाखाली वाजवली, फौजदाराने रात्रभर विनानोंद बसवून ठेवलं, तर त्याचा जाब विचारायचा अधिकार यांतल्या एकाही समितीला नाही.

तो अधिकार ज्याला दिला आहे, त्या कार्यालयाचं नाव बहुतेकांनी ऐकलेलंही नसतं: राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण.

त्याचा जन्म दिल्लीतला. उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी 1996मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मागणी साधी होती. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने 1979 ते 1981 या काळात आठ अहवाल दिले होते, ते धूळ खात पडले होते. त्यांची अंमलबजावणी करा. दहा वर्षांनी, 22 सप्टेंबर 2006 रोजी निकाल आला आणि न्यायालयाने सरकारांना सात आदेश दिले. सहावा आदेश तक्रार प्राधिकरणांचा होता. राज्य पातळीवर उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, जिल्हा पातळीवर निवृत्त जिल्हा न्यायाधीश. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार अशा तक्रारी त्यांनी ऐकायच्या. जिल्ह्याच्या प्राधिकरणाने त्याशिवाय खंडणी आणि जमीन बळकावण्याच्याही. चौकशीला माणसं लागतील, तर गुन्हे अन्वेषण किंवा दक्षता विभागातले निवृत्त तपासी अधिकारी घ्या, असंही न्यायालयाने सुचवलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, प्राधिकरणाची शिफारस बंधनकारक राहील.

गोव्याने 2007मध्येच प्राधिकरण नेमलं. महाराष्ट्राला घाई नव्हती. 1951च्या पोलीस अधिनियमात दुरुस्ती झाली ती 2014मध्ये आणि राज्य प्राधिकरण प्रत्यक्ष कामाला लागेपर्यंत 2017 साल उजाडलं. निकालाच्या वर्षी फौजदार म्हणून भरती झालेला माणूस तोवर एखादी बढती घेऊन दोन-तीन ठाणी फिरून आलेला असणार.

कायदा वाचायला बसलं तर पहिली दहा मिनिटं बरं वाटतं. कलम 22-पीपासून पुढे सगळं तिथे आहे. पीडित माणूस तक्रार करू शकतो, त्याच्या घरचे करू शकतात, प्राधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. साक्षीदाराला समन्स काढायचे, शपथेवर जबाब घ्यायचा, स्टेशन डायरी मागवायची, असे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. रीत न पाळता केलेली अटक हाही तक्रारीचा विषय धरला आहे, आणि माझ्या मते रोजच्या जगण्याच्या दृष्टीने हे कलमातलं सगळ्यात मोलाचं वाक्य. ज्याला ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत, बसा’ असं सांगून बाकावर दिवस काढायला लावलाय, ज्याच्या मारहाणीची नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) घेऊन वाटेला लावलंय, अशा माणसाला ठाण्याबाहेर जायला एक वाट असावी, हा या सगळ्या खटाटोपाचा अर्थ.

मग बारकावे दिसू लागतात. न्यायालयाने जिल्हा म्हटलं होतं, महाराष्ट्राने महसुली विभाग धरला. म्हणजे छत्तीस जिल्ह्यांना सहा कार्यालयं. सिरोंच्याच्या माणसाने ठाण्यातल्या जमादाराविरुद्ध दाद मागायची तर विभागाचं ठिकाण नागपूर, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. एक दिवसाची मजुरी बुडवून हे जमत नाही. दुसरं म्हणजे राज्य प्राधिकरणात निवृत्त न्यायमूर्तींबरोबर निवृत्त सनदी अधिकारी, निवृत्त पोलीस अधिकारी आणि नागरी समाजातली एक मान्यवर व्यक्ती बसते, हे ठीक. पण सेवेतला वरिष्ठ पोलीस अधिकारीही तिथेच सदस्य असतो. उद्या त्याला परत त्याच खात्यात, त्याच सहकाऱ्यांमध्ये जायचं असतं. तो माणूस कितीही सरळ असो, तक्रारदाराची नजर त्याच्या खुर्चीवरच खिळणार.

खरी मेख मात्र शेवटी आहे. चौकशी झाली, संबंधित पोलिसाचं म्हणणं ऐकलं, प्राधिकरणाने दोष ठरवला, की अहवाल सरकारकडे जातो. तो विभागीय कारवाईसाठी प्राथमिक चौकशी मानता येतो. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर संबंधित पोलीस ठाण्याकडे पाठवायचा, तिथे तो प्रथम खबर म्हणून नोंदला जातो. ठाण्याला टाळण्यासाठी एवढा वळसा घातलेला कागद फिरून ठाण्यातच येतो. शिवाय अपवादात्मक परिस्थितीत लेखी कारणं देऊन सरकार अहवाल नाकारूही शकतं. न्यायालयाने बंधनकारक म्हटलेली शिफारस कायद्यात उतरताना अशी मऊ झाली. पोलिसांची नेमणूक, बदली आणि बढती ज्या गृहखात्याच्या हातात, त्यानेच शेवटची सही करायची असेल तर प्राधिकरणाला मी चौकशी आयोग म्हणेन. देखरेख म्हणायला जीभ रेटत नाही.

पोलिसांचीही बाजू आहे आणि ती खोटी नाही. सराईत गुन्हेगार अटकेनंतर तक्रार ठोकतो, तपास अधिकाऱ्याला चौकशीच्या खेपा घालाव्या लागतात, पुढच्या वेळी तो हात आखडता घेतो. पण तक्रार लवकर निकाली निघाली तर त्याचा फायदा स्वच्छ पोलिसालाच जास्त. वर्षानुवर्षं लोंबकळणारी फाइल बढतीच्या वेळी त्यालाच आडवी येते.

दरम्यान देखरेखीचा आणखी एक धागा वेगळ्याच वाटेने आला. 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीर सिंह सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलं. प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडा, निरीक्षकाची खोली, सगळीकडे. शौचालयाच्या बाहेरही. चित्रण शक्यतो 18 महिने टिकवायचं. त्यावर लक्ष ठेवायला जिल्हा समिती, आणि तीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक यांच्यासोबत महापौर किंवा ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचा प्रमुख. लोकांनी निवडून दिलेला माणूस पोलीस कोठडीच्या देखरेखीत असा थेट बसवण्याचा प्रकार आपल्याकडे विरळाच. महिन्याला एकदा ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचा अहवाल देणं, मानवी हक्कांचा भंग होऊनही नोंदला गेलेला नाही असं काही आहे का, हे चित्रण तपासून पाहणं हे त्या समितीचं काम. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या आणि बंद कॅमेरे पाहून 2025च्या सप्टेंबरात न्यायालयाला हा विषय पुन्हा स्वतःहून हाती घ्यावा लागला.

प्राधिकरणापुढे जाणाऱ्याला या चित्रणाचा उपयोग मोठा आहे, कारण आतल्या खोलीत काय झालं याचा साक्षीदार एरवी खाकीतलाच असतो. म्हणून अर्जात घटनेची तारीख, वेळ आणि ठाण्यातली नेमकी जागा लिहून ते चित्रण ताबडतोब राखून ठेवण्याची मागणी पहिल्याच पानावर करावी लागते. चित्रण साठवणारा डीव्हीआर भरला की यंत्र जुन्यावर नवं चढवतं, आणि त्यासाठी ते सरकारच्या सहीची वाट पाहत नाही.