ब्रेक, सायलेन्सर, स्टेअरिंग, सस्पेन्शन : गॅरेजवाल्याच्या हाती गिऱ्हाइकाची अमानत

मोटार दुरुस्तीचा धंदा आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मुंबईत कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडपासून तालुक्याच्या गावातील बसस्थानकामागच्या टपरीपर्यंत आपले कितीतरी तरुण या कामावर घर चालवतात. थोड्या भांडवलात सुरू होणारा आणि हाताच्या कसबावर वाढणारा असा हा धंदा आहे. मात्र या धंद्यातील चार कामे अशी आहेत की, ज्यांत गिऱ्हाइकाचा जीव थेट मिस्त्रीच्या हाती असतो. इंजिनाचे काम बिघडले तर गाडी रस्त्यात बंद पडते. ब्रेकचे काम बिघडले तर गाडी थांबतच नाही.

शिवाय ही कामे गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. चाकामागचा पॅड किंवा गाडीखालचा जॉईंट तो कधी पाहणार? म्हणून कोणत्या कामात काय पाहावे, हे प्रत्येक गॅरेजवाल्याने आणि गाडीमालकानेही समजून घेतले पाहिजे.

ब्रेक

पॅडवरील घर्षणाचा थर सुमारे ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावा. पॅड बदलताना डिस्कची जाडी मोजावी. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. मागे ड्रम असेल तर लायनरबरोबर व्हील सिलिंडर ओला झाला आहे का, तेही पाहावे. एकाच बाजूचा पॅड बदलू नये; गाडी एका अंगाला ओढते.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ब्रेक ऑईल. ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-३ प्रकारचे कोरे ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. डॉट-४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की ऑईल तापते, उकळते, त्याची वाफ होते आणि पेडल थेट तळाला जाते. कोकणासारख्या दमट आणि घाटांच्या मुलखात तर ऑईल साधारण दर दोन वर्षांनी बदलून, लाईनमधील हवा पूर्ण काढलीच पाहिजे. त्याऐवजी इंजिन ऑईल कधीही घालू नये. आतील रबरी सील फुगून निकामी होतात.

ड्रममधील धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची सवयही सोडली पाहिजे. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसाचे असाध्य रोग जडवते. धूळ ओल्या फडक्याने पुसावी.

सायलेन्सर

सायलेन्सर केवळ आवाज कमी करण्यासाठी असतो, हा समज अपुरा आहे. इंजिनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड वायूला ना रंग असतो ना वास. पाइपाला भोक पडले किंवा जोडावरची पॅकिंग फुटली, तर तो गाडीत शिरून माणूस बसल्या जागी बेशुद्ध होऊ शकतो. शटर ओढून आत इंजिन चालू ठेवणेही याच कारणाने जिवावर बेतते.

आपल्याकडे चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना १९९५ पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारखे मौल्यवान धातू असतात. म्हणून काही जण तो काढून साधा पाइप जोडतात आणि आतील माल विकतात. मालकाला न सांगता असे करणे ही सरळ चोरी आहे. सांगून केले तरी प्रदूषण वाढते आणि गाडीत असा बदल करणे कायद्यालाही धरून नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस.-६ गाड्यांत तर सेन्सर लगेच दिवा लावून हा प्रकार उघड करतो.

स्टेअरिंग आणि सस्पेन्शन

स्टेअरिंग हलवूनही चाक लगेच वळत नसेल, तर टाय रॉड एंड, बॉल जॉईंट आणि रॅक तपासावेत. पुढचे चाक उचलून दोन्ही हातांनी हलवले की ढिलाई कळते. रॅकचा रबरी बूट फाटला असेल तर आत पाणी-माती जाऊन महागडा रॅक खराब होतो. बूट वेळेवर बदलला तर तो खर्च वाचतो. काढलेली स्प्लिट पिन पुन्हा वापरू नये, नवी घालावी. टाय रॉड एंड बदलल्यावर अलाइनमेंट करणे आवश्यक आहे. अन्यथा नवे टायरही एका कडेने झिजतात.

शॉकअप तेल गाळत असेल, किंवा गाडी दाबून सोडल्यावर वारंवार झुलत असेल, तर तो संपला असे समजावे. शॉकअप निकामी असला की चाक रस्त्यावरून उसळते आणि ब्रेक चांगला असूनही गाडी लांब जाऊन थांबते. तो नेहमी जोडीने बदलावा. कंट्रोल आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळावेत. लटकत्या चाकावर आवळले तर बुश पिळला जातो आणि लवकर फाटतो. गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर भरवसा न ठेवता लोखंडी घोडी लावावी, हे शागिर्दाला पहिल्याच दिवशी शिकवावे.

सचोटी हेच भांडवल

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला असता आत ओल लागली, ही हदीस आपणा सर्वांना ठाऊक आहे. भिजलेले धान्य वर, लोकांना दिसेल असे का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. चाकाआड दडलेला झिजका पॅड आणि न बदलता बिलात लावलेले ऑईल ही आजची ओली रासच आहे.

म्हणून काही नियम घालून घ्यावेत. गाडी येताच तक्रार कागदावर लिहावी. कामापूर्वी अंदाजे खर्च सांगावा. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. बिलात सुट्या भागाची कंपनी आणि गॅरंटी लिहावी. चाचणीसाठी फेरी मारल्याशिवाय गाडी ताब्यात देऊ नये. जे काम आपल्याला येत नाही, ते येत नाही असे सांगण्यात कमीपणा नाही.

विजेच्या गाड्या आल्याने गॅरेजचा धंदा बुडेल, अशी भीती अनेकांना वाटते. त्या गाड्यांना सायलेन्सर नसतो हे खरे. पण ब्रेक, स्टेअरिंग आणि सस्पेन्शन त्यांनाही लागतेच. बॅटरीच्या वजनाने सस्पेन्शनवर ताण अधिक येतो, तर ब्रेक कमी वापरला गेल्याने कॅलिपरच्या पिना जाम होऊ शकतात. म्हणजे काम राहणार आहे, मात्र ते शिकून घ्यावे लागेल. आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. उस्तादाकडे मिळालेल्या कसबाला या शिक्षणाची जोड दिली, तर आपला तरुण मोठ्या वर्कशॉपच्या तोडीस तोड उभा राहील. अशा गॅरेजसमोर गाड्यांची रांग लावायला जाहिरातीची गरज पडत नाही.