दोन टन झेलणारं लाकूड

सुरीच्या मुठीला लाकूड लागतं तरी किती? साडेबारा सेंटिमीटर लांब, चार रुंद आणि तीन जाड, म्हणजे जेमतेम १५० घनसेंटिमीटर. सागवानाचा एवढा ठोकळा साधारण १०० ग्रॅम भरतो. कॅरिबियन बेटांवरच्या लिग्नम व्हायटीचा भरतो १८५ ग्रॅम, आणि पाण्यात सोडला की थेट तळ गाठतो.

कठीणपणात तर तुलनाच नको. तो मोजण्याच्या जांका चाचणीत ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतेपर्यंत दाबतात. खळग्याचं तोंड बरोबर १ चौरस सेंटिमीटरचं होतं. बाल्साला त्यासाठी ३० किलोंचा भार पुरतो, सागवानाला सुमारे ४८५ किलोंचा. लिग्नम व्हायटीला जवळजवळ २,००० किलो लागतात. नखाएवढ्या जागेवर दोन टन! जगातली पहिली अणुपाणबुडी ‘नॉटिलस’ १९५४ साली पाण्यात उतरली, तेव्हा तिच्या पंख्याचा दांडा याच लाकडाच्या बेअरिंगांवर बसवलेला होता. वंगण वेगळं लागत नाही, कारण लाकडाच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत नुसती राळ असते.

मूठ करणाऱ्याची खरी परीक्षा ही राळच घेते. १८५ ग्रॅमच्या ठोकळ्यात ती ५५ ग्रॅमपर्यंत असू शकते. तेलकट पृष्ठभागावर इपॉक्सी धरत नाही, म्हणून चिकटवण्याच्या अगदी आधी तो ॲसिटोनने पुसून घ्यावा लागतो. ग्राइंडरचा पट्टा मिनिटाला १,५०० मीटर धावतो, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. त्या घर्षणाने राळ वितळून पट्ट्यावर बसते, लाकूड करपतं, तापून तडकतं. म्हणून पट्टा नवा, वेग कमी आणि ठोकळा उघड्या बोटांनी धरलेला हवा. चटका बसण्याआधी थांबायचं. नाकातोंडावर चांगला मास्क हवाच, कारण अशा लाकडांच्या भुकटीने अनेकांना ॲलर्जी होते.

पण दोन टनांना दाद न देणारं हे लाकूड हवेतल्या ओलाव्यापुढे मात्र नमतं. तापमान २० अंशांनी बदललं तर ४० मिलिमीटर रुंदीचं पोलाद साधारण ०.०१ मिलिमीटर हलतं. लाकडातला ओलावा ४ टक्क्यांनी उतरला, तर तेवढ्याच रुंदीचं लाकूड आडव्या दिशेने अर्धा मिलिमीटर आकसू शकतं. पन्नास पट! पात्याला पक्की जखडलेली मूठ अशा वेळी फुटते, नाहीतर चिकटवलेल्या जागी सुटते.

उपाय एकच, थांबणं. ओलावा बाजूंपेक्षा टोकांतून दहा-बारा पट वेगाने निघतो आणि भेगाही तिथूनच पडतात, म्हणून टोकांना आधी मेण लावायचं. जाडी निम्मी केली तर वाळण्याचा वेळ साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणून ठोकळ्याच्या पातळ फळ्या चिरून ठेवणं शहाणपणाचं. मग दर आठवड्याला वजन लिहून ठेवायचं. १८५ ग्रॅमच्या ठोकळ्यात १ टक्का ओलावा म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पुरतो. वजन उतरायचं थांबून काही आठवडे तिथेच टिकलं, तरच मूठ घडवायला घ्यावी. अत्यंत सावकाश वाढणारं हे झाड आता आंतरराष्ट्रीय व्यापारात परवान्याशिवाय हलवता येत नाही. घाईत फोडलेल्या ठोकळ्याच्या जागी दुसरा सहज मिळेल, या भरवशावर कुणी राहू नये.