जांभळाचा रंग आणि पेशींची सफाई

ज्येष्ठ महिना आला की बदलापूर परिसरातील जांभळे कल्याण, डोंबिवली व ठाणे येथील बाजारांत येऊ लागतात. 'जांभळाने मधुमेह बरा होतो' असे सांगून ती पुष्कळदा विकली जातात. यात तथ्य किती, हे शेतकऱ्यांनी व ग्रामकार्यकर्त्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

जांभळाचा गडद रंग अँथोसायनिन या द्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये फ्लॅव्होनॉइड कुलातील होत. कांद्यातील क्वेर्सेटिन हेही त्याच कुलातले. कडक ऊन व अवर्षण यांमुळे वनस्पतीच्या पेशींत प्राणवायूची विघातक रूपे वाढतात व पेशींवर ताण पडतो. सालीतील फ्लॅव्होनॉइडे उन्हातील अतिनील किरण शोषून हा ताण हलका करतात.

मनुष्याच्या पेशींवरही असा ताण येतो. शेतकरी गोठ्यातील केरकचरा खड्ड्यात कुजवून त्याचे खत करतो. त्याचप्रमाणे पेशी आपले झिजलेले भाग पडद्यात गुंडाळून लयकारिका नावाच्या पाचक पिशवीत पोहोचवते. तेथे ते विरघळून नव्या बांधणीस उपयोगी पडतात. या क्रियेस स्वभक्षण म्हणतात. यीस्टच्या पेशींत तिचा उलगडा केल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रयोगशाळेत क्वेर्सेटिन दिल्यावर अनेक प्रकारच्या पेशींत ही सफाई वाढल्याचे आढळले आहे. काहींत ती मंदावलेलीही दिसली. शिवाय तेथे वापरलेली मात्रा जेवणातून रक्तात उतरणाऱ्या मात्रेहून बरीच अधिक असते, कारण ही द्रव्ये आतड्यातून थोडीच शोषली जातात. तेव्हा जांभूळ हे उत्तम फळ होय. ते औषधाची जागा घेऊ शकत नाही.

यावरून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. जांभूळ तोडल्यावर पिकत नाही. पूर्ण काळेभोर झालेले फळच हाताने तोडावे व लगेच बाजारात न्यावे.

२. कांद्याच्या बाहेरील मांसल पापुद्र्यांत क्वेर्सेटिन अधिक असते. म्हणून केवळ वाळलेली साल काढावी.

३. भाजी उकडलेले पाणी फेकू नये. ते आमटीत घालावे.

४. मधुमेहाच्या रोग्याने जांभळाच्या भरवशावर डॉक्टरांचे औषध बंद करू नये. हे ग्रामकार्यकर्त्यांनी घरोघरी समजावून सांगावे.

शेतकरी बंधूंनी आपला माल त्याच्या खऱ्या गुणांवर विकावा. ताज्या व पक्व फळाला खोट्या दाव्याची गरज नसते, आणि एकदा बसलेला ग्राहकाचा विश्वास पुढील हंगामातही उपयोगी पडतो.