घट्ट बसवलेली सीट बाळाला कशी वाचवते?

करकचून ब्रेक लागला की सीटवरची पिशवी पुढे पडते. गाडी थांबते, पिशवी आधीच्याच वेगाने जात राहते. बाळाचंही तेच होतं. आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही, असं म्हणतात. त्या मायेबद्दल शंकाच नाही. पण ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १४० किलो पेलण्याइतकी ताकद लागते. ती कुणाच्याच हातांत नसते.

चाइल्ड सीट आहे, थोडी हलली तर काय बिघडलं? खरा घात तिथेच होतो. धडकेत पुढचा भाग चेपत असताना गाडी क्षणभर का होईना, टप्प्याटप्प्याने थांबत असते. घट्ट सीट तिच्याबरोबरच थांबू लागते. सैल सीट आधी पुढे धावते आणि उरलेल्या अपुऱ्या वेळात हिसक्याने अडते. विहिरीत सोडलेल्या बादलीचा दोर ढिला असला की हाताला बसतो, तसाच हा हिसका. म्हणून सीटवर भार देऊन पट्टा ओढावा आणि पट्टा जातो तिथेच धरून हलवून पाहावं. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. तान्ह्याचं डोकं जड, मान कोवळी. त्याची सीट मागे तोंड करूनच बसवावी, म्हणजे धक्का पाठभर विभागला जातो. मात्र चालू एअरबॅगसमोर ती कधीही नको.